उभी गाय झोपलेली नसते

ॲन आर्बर, मिशिगन
२ ऑक्टोबर १९८२

आदरणीय राधाताई यांस,
सादर नमस्कार.

तार मिळाली असेल. आपली ओळख नाही. मी चंद्रशेखर आपटे. तुमच्या भावाच्या, धर्मराजच्या पत्रांत माझं नाव 'शेखर' म्हणून आलं असेल. दोन वर्षं आम्ही एका घरात राहत होतो.

काय झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो. शनिवारी, २५ सप्टेंबरला संध्याकाळी आम्ही चौघं मोटारीनं बाहेर जेवायला निघालो होतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी घसरली आणि बाजूच्या खड्ड्यात गेली. आम्हा तिघांना किरकोळ लागलं. धर्मराजला पोटात मुका मार बसला. त्याला ताबडतोब इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण रात्री साडेअकराला तो गेला. त्याला फार त्रास झाला नाही. शेवटपर्यंत मी त्याच्याजवळ होतो.

शवपेटीबरोबर डेट्रॉइटचे डॉक्टर दादाराव वानखडे नागपूरपर्यंत येत आहेत. त्याची पुस्तकं आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो वेगळ्या खोक्यात पाठवतो आहे. मला परीक्षेमुळे निघता येत नाही, क्षमा असावी.

आईंना काय लिहू ते सुचत नाही.

आपला,
चंद्रशेखर


ट्रॉय, मिशिगन
१६ ऑगस्ट १९८७

प्रिय राधाताई,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच पोचलं होतं. उत्तराला महिना लावला, रागावू नका. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. मुलगी आता भिंत धरून चालते, आणि पडली की रडायच्या आधी कोणी बघतंय का ते बघते. मृणालिनीचा लायब्ररीचा कोर्स संपत आलाय. माझं ऑफिसात तेच, गाड्यांचे ब्रेक तपासायचे. उकाडा फार आहे. मूर्तिजापूरकडे यंदा पाऊसच नाही असं लिहिलं होतंत. आता तरी पडला का? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी होणार की नंतर?

विहाराशेजारच्या जागेवर वाचनालय उभं राहतंय, आणि १४ ऑक्टोबरला त्यावर धर्मराजच्या नावाची पाटी लागणार, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. स्मरणिकेसाठी तुम्ही माझ्याकडून दोन पानं मागितलीत. 'तो तिकडे कसा होता आणि शेवटी काय झालं, ते तुमच्याशिवाय कोण लिहिणार, शेखरभाऊ?' असं लिहिलंत.

चार वेळा लिहायला बसलो. तो कसा होता, हे पान दर वेळी भराभर लिहून होतं. इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्याकडे धड कोट नव्हता, तर दोन स्वेटर, वर पावसाळी जाकीट आणि डोक्याला आईंची जुनी शाल असा तो बस स्टॉपवर उभा राहायचा. कोणी हसलं की स्वतः त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा. अख्ख्या गल्लीच्या सायकली दुरुस्त करायचा. आमच्या घरातल्या ग्रेगनं एकदा बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून विचारलं, "हे तुझे वडील का?" तर धर्मराज म्हणाला, "हो." नंतर मी म्हटलं, अरे, नीट सांग ना त्याला. तो म्हणाला, "नीटच सांगितलं."

हे सगळं छापा. पण दुसरं पान होत नाही. मी टाळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुलांनी गृहपाठ केला नसला की ती आधी दुसरंच काहीतरी बोलत राहतात, हे तुम्ही शाळेत रोज बघत असाल.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न आहे. गेल्या पाच वर्षांत तुम्ही तो कधीच विचारला नव्हता. तुम्ही लिहिलंय, की पेटी उघडल्यावर आईंनी तो परका सूट काढायला लावला, आणि घरचे पांढरे कपडे चढवताना तुम्ही दोघींनी त्याचं अंग पाहिलं. पोटावरचे टाके डॉक्टरांचे, ते कळलं. काचेचा मात्र कुठे ओरखडा नव्हता. आणि मांडीवर दोन फाकांचा काळा डाग होता. 'गावी असताना गाईनं बाबांच्या पायावर पाय दिला होता, तेव्हा असाच वळ उठला होता. मोटारीत असं लागतं का हो? सहज विचारते.'

ताई, तो खुराचाच डाग होता. मोटारीचा अपघात झालाच नाही.

आता क्रमानं सांगतो.

त्या वर्षी घरात आम्ही चौघं होतो. मी, धर्मराज आणि ग्रेग व डॅनी ही दोन अमेरिकन मुलं. इथल्या कॉलेजच्या पोरांत एक गोष्ट फार सांगतात. गाय म्हणे उभ्या उभ्या झोपते. ती झोपेत असताना चोरपावलांनी जायचं, खांदा लावून जोर द्यायचा, की ती लाकडी खेळण्यासारखी धाडकन आडवी होते. हे केलेला कोणीतरी प्रत्येकाच्या मित्राच्या ओळखीचा असतो. स्वतः केलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

ग्रेगनं ही गोष्ट सांगितली तेव्हा धर्मराज भांडी विसळत होता. त्याला हसू आलं.

"गाय उभी झोपत नसते," तो म्हणाला. "झोपायला ती खाली बसते. उभी दिसली म्हणजे जागी आहे. आणि तेवढं मोठं जनावर, तुम्ही तिघं लागलात तरी हलायचं नाही."

"तुला काय माहीत?" ग्रेग म्हणाला. "तुम्ही तर गाईची पूजा करता."

धर्मराजनं नळ बंद केला. "आम्ही नाही करत. माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायचे. ते काम आमच्यावर लादलेलं होतं. माझ्या बाबांनी ते सोडलं, त्यासाठी गाव सोडलं. मी सुट्टीत दुसऱ्यांची ढोरं चारून वह्या घेतल्यात, म्हणून मला माहीत आहे. पूजा याच्या घरी करतात." आणि त्यानं ओल्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं.

खोटं नव्हतं ते. वसुबारसेला माझी आई शेजाऱ्यांची गाय अंगणात आणून ओवाळायची. पण ग्रेग आणि डॅनी माझ्याकडे बघून असे हसले, की मला आईचीच लाज वाटली. पुढे जे झालं ते त्या लाजेपायी झालं. त्या दोघांनी मला आपल्यातला समजावं, एवढंच मला तेव्हा हवं होतं. धर्मराजला तसलं काही नको असायचं, म्हणून सगळे त्याला मानायचे, हे मला दिसत होतं आणि खुपतही होतं.

त्या शनिवारी फुटबॉलची मॅच होती. सगळं गाव रस्त्यावर होतं. संध्याकाळी डॅनी म्हणाला, गावात कुठेच जागा मिळणार नाही, हायवेवर एक खाण्याचं ठिकाण आहे तिथे जाऊ. धर्मराज नुकताच लॅबमधून आला होता. मीच त्याला आग्रह करून गाडीत बसवलं. वीसेक मैल गेल्यावर रस्त्याच्या उजवीकडे चढावर एक कुरण लागलं. सूर्य बुडाला होता पण दिसत होतं. काळ्या गाई उभ्या होत्या.

"थांबव," ग्रेग म्हणाला. "बघा. उभ्यानं झोपल्यात." मग माझ्याकडे वळून, "तू नको येऊस. तुझी आई रागवेल."

मी सगळ्यांच्या आधी दार उघडलं.

धर्मराजनं माझी बाही धरली. रागावला की त्याची वऱ्हाडी बाहेर यायची. "काहून चाललास? बह्याड झाला काय तू? वासरं आहेत त्यायच्याजवळ. वासराची गाय कोणाले जवळ येऊ देत नसते."

"तू बस गाडीत," मी म्हटलं. "तुला सगळंच माहीत असतं."

आणि मी बाही सोडवून घेतली.

आम्ही तिघं तारेखालून आत शिरलो. मी पुढे होतो. एक गाय आमच्याकडे पाठ करून उभी होती. जवळ गेलो तसा तिचा कान मागे वळला. ती जागी होती. आम्ही आत शिरलो तेव्हापासून तिचं आमच्यावर लक्ष असणार. हे कळूनही मी दोन्ही तळवे तिच्या कुशीला लावले आणि ढकललं. ती तसूभरसुद्धा सरकली नाही. तिच्या अंगाची ऊब तेवढी हाताला लागली. मागून ती दोघं खिदळत होती. तेवढ्यात माझ्या पायांपासून दोन हातांवर गवतात बसलेलं वासरू उठलं आणि हंबरलं.

गाय गर्रकन वळली. तिच्या खांद्याच्या धक्क्यानं मी पडलो, घोटा मुरगळला. ग्रेग आणि डॅनी गाडीकडे पळाले. मी उठायला गेलो, पाय टेकवेना. ती मान खाली घालून माझ्यासमोर फुरफुरत होती.

मग धर्मराजचा आवाज आला. जिभेनं टकटक करत, मधेच लांब 'होऽ होऽऽ' करत तो चढावरून येत होता. हात खाली, पंजे उघडे, पावलं सावकाश. तो माझ्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिला.

"रांगत जा तारेकडे," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पळू नको."

मी रांगत गेलो. तारेशी पोचून मागे बघितलं, तर ती शांत होत होती. तो एकेक पाऊल मागे येत होता आणि ती जागच्या जागी उभी होती. अजून दहा पावलं मिळाली असती तर तो बाहेर आला असता. तेवढ्यात डॅनीनं गाडीचे मोठे दिवे लावले आणि हॉर्न दाबला. आम्हाला गाडी दिसावी म्हणून, असं तो नंतर म्हणाला. ती उधळली. डोक्यानं तिनं धर्मराजला खाली पाडलं आणि वासराकडे जाताना त्याच्यावरून गेली.

तो आपला आपण उठला. कपडे झटकले, चालत गाडीपर्यंत आला. "बरगडीले लागलं जरा," म्हणाला. मला म्हणाला, "तुझा पाय पाहू."

मंगळवार, १८ ऑगस्ट

परवा इथपर्यंत लिहून पुढे हात चालेना. आजही ऑफिसातून आल्यावर मृणालिनीनं पेन हातात दिलं म्हणून बसलोय. तिला मी हे सगळं या महिन्याच्या सुरुवातीला सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. ऐकून ती उठली. मुलीला झोपवून परत आली आणि म्हणाली, "त्यांना लिही. माझ्याजवळ रडू नकोस, आधी त्यांना लिही."

पावणेआठपर्यंत आम्ही घरी परतलो होतो. धर्मराज पलंगावर आडवा झाला. डावा खांदा दुखतोय म्हणाला. पडताना मुरगळला असेल असं आम्हाला वाटलं. त्याला घाम येत होता आणि सारखी तहान लागत होती. आठ वाजता तो म्हणाला, "शेखर, दवाखान्यात जाऊन दाखवू या का?"

मी ग्रेगकडे बघितलं. ग्रेग म्हणाला, दवाखान्यात विचारतील कसं लागलं. दुसऱ्याच्या शेतात शिरलो होतो, गाडीत बिअरचे डबे आहेत, पोलीस येतील. आणि तुम्ही दोघं तर स्टुडंट व्हिसावर.

मी धर्मराजला म्हटलं, "सकाळपर्यंत बघू. मुका मार आहे, उतरेल."

नऊ वाजता त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो हट्टाला पेटला असता तर मी नेलं असतं, असं मी कितीतरी वर्षं मनाशी म्हणत आलो. पण हट्ट करायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं, आणि मला ते समोर दिसत होतं. शेजारच्या खोलीत फोन होता. मी उठलो नाही. व्हिसा, माझी असिस्टंटशिप, घरी काय तोंड दाखवू, हेच डोक्यात होतं.

सव्वादहाला तो बोलायचा थांबला. मग आम्ही धावलो. डॉक्टरनं विचारलं, "कधी लागलं?" मी म्हटलं, "तासाभरापूर्वी." तिथेही खोटंच बोललो. त्यांनी त्याला लगेच ऑपरेशनला घेतलं. नंतर डॉक्टर बाहेर आले, हळू आवाजात म्हणाले, प्लीहा फुटली होती, आत रक्त साचत गेलं. वेळेवर आणलेले पेशंट यातून चालत घरी जातात. हे ते माझ्याशी नव्हे, डॅनीशी बोलले. मी तिथे नव्हतोच. 'शेवटपर्यंत मी त्याच्याजवळ होतो' असं तुम्हाला लिहिलं, पण साडेअकराला मी पार्किंगमध्ये ग्रेगबरोबर पोलिसांना काय सांगायचं ते ठरवत होतो.

आम्ही सांगितलं, की चौघं मिळून गंमत करायला गेलो होतो. एकानं गाडीत बसून नको म्हटलं होतं हे सांगितलं, तर मग आम्हाला बजावून झालं होतं हेही उघड झालं असतं. तेवढ्यासाठी त्याचं नाव आमच्या नावांत घातलं. एका पेपरात बातमी आली. मथळ्यात 'पवित्र गाय' असे शब्द होते. खाली लिहिलं होतं, गाईला देव मानणाऱ्या देशातून आलेला विद्यार्थी गाय पाडायला गेला आणि गाईनंच त्याला पाडलं. लोक कॅन्टीनमध्ये ते मोठ्यानं वाचून हसत होते. धर्मराजच्या आजोबांचं, बाबांचं काय झालं होतं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो. कात्रण वेगळ्या बंद पाकिटात जोडलंय. वाचावंसं वाटलं नाही तर फाडून टाका.

वानखडे डॉक्टरांनी बातमी वाचली होती. त्यांनी मला विचारलं, "घरच्यांना काय सांगायचं?" मी म्हटलं, मोटारीचा अपघात सांगू, नाहीतर त्या लोकांना हे कसं सोसेल. त्यांना वाटलं, मी तुमचा विचार करतोय. मलाही बराच काळ तसंच वाटत राहिलं.

तुमचं पत्र आल्यावर, एक ऑगस्टला, मी त्या शेतावर गेलो. पाच वर्षांत तो रस्ता चुकवायला मी लांबच्या वाटेनं जात होतो. घर बाईंचं आहे, एडना क्रूस. सत्तरीच्या. नवरा हार्वी दोन वर्षांपूर्वी वारला. मी दारात उभा राहून नाव सांगितलं, तर त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही, पण आतून खुर्ची ओढून दारापाशी बसल्या.

"त्या चौघांतला तू कोणता?" त्यांनी विचारलं.

"ज्यानं गाईला हात लावला तो."

त्यांनी जाळीतून मला निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तिघं तारेखालून घुसले. चौथा फाटकातून आला. आत आल्यावर त्यानं फाटक मागे लावून घेतलं, कडी घातली. मी हार्वीला म्हटलं, हा पोरगा गुरं राखलेला आहे. ज्याला घाई असते तोही फाटक लावतो, कारण गुरं रस्त्यावर गेली तर मरतील हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. बाकीच्यांना ते सुचत नाही."

मी विचारलं, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत?"

"नाही. हार्वी म्हणाला, आपलं जनावर होतं, वकील मागे लागतील, गप्प बस. मी गप्प बसले." मग त्यांनी विचारलं, "त्याची आई आहे?"

"आहे."

"तिला कोणी हे सांगितलंय?"

मी नाही म्हटलं. त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता जावं. पण त्या कागद-पेन घेऊन आल्या आणि जे पाहिलं ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून, सही करून दिलं. तो कागद सोबत आहे, त्याच्याच खाली मी मराठी केलंय. त्याचीच एक प्रत मी त्या पेपरला आणि विद्यापीठाला पाठवली, माझ्या कबुलीसकट. ते काय करतील माहीत नाही. माझ्या इथे राहण्याच्या कागदांवर त्याचा परिणाम होऊ शकतो असं वकील म्हणाला. होऊ दे. ग्रेगला फोन केला होता. तो ऐकून म्हणाला, आता कशाला? डॅनीचा पत्ता नाही.

ताई, तुमच्या पाच वर्षांच्या पत्रांत तुम्ही मला भाऊ म्हणत आलात. आईंनी दर वर्षी कोणा ना कोणाबरोबर तिळाची चटणी पाठवली, आणि मी ती खाल्ली. हे सगळं तुम्ही एका खोट्याच्या भरवशावर केलंत. मी माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. दोन पानांऐवजी ही एवढी पानं झाली. यातलं हवं ते छापा. माझं नाव घाला, पूर्ण घाला. फक्त, तो गाय पाडायला गेला नव्हता, एवढं पाटीखाली लोकांना कळू द्या.

ज्याला आणायला धर्मराज आत आला होता, तो,
चंद्रशेखर


ट्रॉय, मिशिगन
१० जानेवारी १९८८

राधाताई,
जयभीम.

तुमचं पत्र आणि स्मरणिका दोन्ही मिळाली. पत्र छोटं होतं, तरी संपायला दिवस लागला. तुम्ही लिहिलंत, की माझं पत्र तुम्ही आईंना पूर्ण वाचून दाखवलं, काही न गाळता. आणि छापताना माझं नाव मात्र गाळलंत, 'एका मित्राला वाचवताना' एवढंच ठेवलंत. का गाळलंत ते विचारायचा मला हक्क नाही. यापुढे पत्र पाठवू नका, असंही लिहिलंत. नाही पाठवणार.

पेपरनं चार ओळींची दुरुस्ती छापली. विद्यापीठानं त्यांच्या कागदांत नोंद केली असं कळवलंय. मला अजून कोणी बोलावलेलं नाही.

हे शेवटचं पत्र तुमच्या परवानगीशिवाय लिहितोय, कारण तुमच्या पत्रात आईंचा एक प्रश्न आहे. सगळं ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, 'जेवायले निघाले होते ना? मग जेवला होता का तो?' तुम्ही लिहिलंत, की त्या तेव्हापासून रोज हे विचारतात आणि तुमच्याकडे उत्तर नाही.

त्या शनिवारी सकाळी त्यानं चहा घेतला आणि दोन टोस्ट खाल्ले. दुपारी लॅबमध्ये काम होतं. तिथे एक सफरचंद खाल्लं असं तो गाडीत म्हणाला होता, आणि भूक लागली आहे असंही म्हणाला होता. त्या हॉटेलपर्यंत आम्ही पोचलोच नाही. घरी आल्यावर, साडेआठच्या सुमाराला, तो मला म्हणाला, "थोडा भात टाकतोस का? मऊ टाक. पोटात काही गेलं म्हणजे बरं वाटेल." मी टाकला. वरण नव्हतं, तर मीठ आणि तूप घालून वाटी त्याच्याजवळ नेली. तोवर त्याला बसवत नव्हतं. मी चमचा तोंडाशी नेला. त्यानं एक घास घेतला, पण तो गिळला गेला नाही. "राहू दे," म्हणाला, "मागून खातो."

आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तो पोटभर जेवला होता असं सांगितलंत, तरी मी तुम्हाला खोटं म्हणणार नाही. पण तुम्हाला मी आता दुसरं काही लिहू शकत नाही.

तो उपाशी गेला, ताई.

चंद्रशेखर